पायांच्या बोटांवरील जांभळे डाग

2020 च्या वसंत ऋतूत इटली, स्पेन व फ्रान्स या देशांत करोनाच्या साथीने हाहाकार उडवला असताना, तेथील त्वचारोगतज्ज्ञांकडे एक अनपेक्षित तक्रार येऊ लागली : ज्यांना ज्वर वा खोकला नव्हता, किंवा असल्यास तो किरकोळ होऊन गेला होता, अशा एरवी ठणठणीत मुलांच्या व तरुणांच्या पायांची बोटे लालसर-जांभळी पडत, सुजत, खाजत आणि ठणकत. थंड व दमट प्रदेशांत हिवाळ्यात होणाऱ्या 'चिलब्लेन' या विकाराशी त्यांचे साम्य इतके होते, की हिवाळा सरल्यावर हा प्रकार दिसावा याचेच वैद्यांना नवल वाटले. वृत्तपत्रांनी त्याचे 'कोविड टोज' असे नामकरण केले आणि अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने एप्रिल 2020 मध्ये करोनाशी निगडित त्वचालक्षणांच्या नोंदीसाठी दप्तर उघडले.

कोडे मात्र पुढेच होते. या मुलांच्या घशातील स्राव तपासला तर विषाणू बहुधा सापडत नसे, आणि रक्तातील प्रतिपिंडांचा दाखलाही पुष्कळदा मिळत नसे. काही संशोधकांच्या मते, तरुण शरीर इंटरफेरॉन नामक द्रव्य इतक्या जोराने निर्माण करते की विषाणूचा लगोलग नायनाट होतो, पण त्या झटापटीत बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना दाह होतो. इतरांच्या मते, घरात कोंडलेली मुले गार फरशीवर अनवाणी, बैठ्या अवस्थेत राहिल्याचा तो परिणाम होता. दोन्ही पक्षांचा पुरावा विचारार्ह आहे, आणि म्हणूनच केवळ बोटांच्या रंगावरून विषाणूबाधेचा निवाडा कोणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकहो, हे डाग बहुतेकांच्या बाबतीत दोन ते आठ आठवड्यांत आपोआप मावळतात. पाय कोरडे व उबदार ठेवावेत, सैल मोजे घालावेत. परंतु शेगडीचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नये, कारण बधिर झालेली त्वचा भाजली तरी कळत नाही. स्टेरॉइडचे मलम वैद्याच्या सल्ल्यावाचून लावू नये. आपल्याकडील सावळ्या वर्णावर लाली सहसा ठळक उमटत नाही, तेथे काळपट वा तपकिरी छटा येते. तेव्हा दोन्ही पाय उजेडात शेजारी ठेवून पाहावेत, आणि बोटाचे टोक क्षणभर दाबून सोडले असता पूर्ववत रंग दोनेक सेकंदांत परततो की नाही, याची खातरजमा करावी. पायाला हात लावून पाहताना त्याची ऊबही पारखावी.

रंग परतत नसेल, बोट थंडगार पडले असेल, वेदना असह्य होत असेल, किंवा डागांसमवेत ज्वर, धाप अथवा ग्लानी असेल, तर तो मामला सर्वस्वी निराळा. गंभीर आजारात रक्तवाहिनीत गुठळी अडकूनही बोटे काळवंडतात, आणि तेथे दिरंगाई म्हणजे बोट गमावणे. माझी खरी चिंता आहे ती मधुमेही वडीलधाऱ्यांची. लेकराच्या जांभळ्या बोटाने सारे घर हवालदिल होते. आजोबांचे बोट मात्र काळे पडते आणि दुखत नाही म्हणून कोणी पाहतच नाही, वस्तुतः ते न दुखणे हेच मज्जातंतू निकामी झाल्याचे लक्षण असते. अशा व्यक्तीचे तळवे व बोटांमधील बेचके घरातल्या कोणीतरी रोज न चुकता पाहावेत, आणि त्वचा काळवंडलेली वा चिघळलेली आढळताच, वेदनेची वाट न पाहता, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.