सतारीची जवारी आणि तबल्याची शाई

सतार व तबला हीं वाद्यें ज्यानें कधींच ऐकलीं नाहींत असा मनुष्य आपल्या देशांत सांपडणें कठीण. परंतु कानांवर पडणें निराळें आणि कान देऊन ऐकणें निराळें. वादकाचीं बोटें विजेसारखीं फिरूं लागलीं म्हणजे आपण टाळ्या वाजवितों, आणि तो वेग हीच कला असें समजून घरीं जातों. प्रस्तुत लेखांत त्या वेगाचा विचार करावयाचा नाहीं. ज्या दोन लहानशा गोष्टींवर या वाद्यांचा गोडवा अवलंबून आहे, त्या सतारीच्या जवारीचा व तबल्याच्या शाईचा विचार करावयाचा आहे.

आरंभीं इतिहासाविषयीं थोडेंसें. हीं दोन्ही वाद्यें अमीर खुस्रो या कवीनें निर्माण केलीं, अशी एक गोष्ट सर्वतोमुखी आहे. पण तिला खुस्रोच्या काळचा पुरावा मिळत नाहीं. सतार हें नांव 'सेहतार', म्हणजे तीन तारांचें वाद्य, या फारसी शब्दावरून आलें. आज आपण ओळखतों त्या स्वरूपाच्या जवळ हीं वाद्यें आलीं तीं अठराव्या शतकांत, दिल्लीच्या परिसरांत, असें अभ्यासक मानतात.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. या दोन्ही वाद्यांच्या वाटेंत निसर्गानेंच एक एक अडचण घालून ठेविली आहे. सतारीची तार नखीनें छेडावी लागते, आणि छेडलेला स्वर जन्मतांच विरूं लागतो. गवयाचा श्वास किंवा सारंगीचा गज स्वराला धरून ठेवूं शकतो. नखीला तें साधत नाहीं. तबल्याची अडचण याहून मोठी आहे. नुसतें चामडें ताणून त्यावर थाप मारली तर आवाज निघतो, पण त्यांत निश्चित स्वर सांपडत नाहीं. त्या चामड्याचीं निरनिराळीं कंपनें परस्परांशीं जुळत नाहींत, म्हणून कानाला नाद न लागतां केवळ गलबला ऐकूं येतो. विरणारा स्वर टिकवावयाचा कसा, आणि गलबल्यांतून स्वर काढावयाचा कसा, हे दोन प्रश्न आपल्या कारागिरांनीं कोणत्याही ग्रंथाच्या मदतीवांचून सोडविले, यांतच या वाद्यांची खरी थोरवी आहे.

प्रथम सतार पाहूं. भोपळ्यावरील तबलीवर जी रुंद घोडी असते, तिच्यावरून सर्व मुख्य तारा जातात. फिडलची घोडी कडेला धारदार असते. सतारीची घोडी मात्र सपाट दिसते, आणि वस्तुतः ती अगदीं किंचित् उतरती व गोलसर घांसलेली असते. कंप पावणारी तार त्या उतारास पुनःपुन्हां हलकेच स्पर्श करते. त्या स्पर्शानें मूळ स्वरांत अनेक उपस्वर जागे होतात आणि तो विरतां विरतांही गुंजत राहतो. या घांसणीस व तिच्या गुणास जवारी म्हणतात. तंबोऱ्याच्या व वीणेच्या घोडीचें कार्यही याच जातीचें आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं या दोन वाद्यांवर निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या ठिकाणीं छेडली असतां जो उपस्वर नियमाप्रमाणें उमटूंच नये, तोही त्यांतून स्पष्ट ऐकूं येतो, असें त्यांना आढळलें. आणि याचें श्रेय त्यांनीं या घोडीसच दिलें.

मुख्य तारांच्या खालीं तरफेच्या अकरा ते तेरा तारा असतात. त्यांना वादक क्वचितच हात लावतो. वरचा स्वर लागला कीं त्याच स्वरांत मिळविलेली खालची तार आपोआप बोलूं लागते. याशिवाय डाव्या हाताची मींड आहे. एकाच पडद्यावर तार बाजूस ओढून चार-पांच स्वरांपर्यंत चढतां येतें, आणि नखीचा एकच आघात गळ्यांतील आलापासारखा वळतो. उस्ताद विलायत खां (१९२८–२००४) यांनीं हें गायकी अंग परमोत्कर्षास नेलें. त्यांची जवारी बंद, म्हणजे आवाज गोळीबंद ठेवणारी असे. पंडित रविशंकर (१९२०–२०१२) यांची खुली, झणत्कारयुक्त असे. घोडीवर कानशीचा हात किती फिरला, यावरून दोन थोर कलावंतांच्या वाणींत केवढें अंतर पडतें पाहा!

तबल्याची गोष्ट याहूनही विस्मयकारक आहे. उजव्या तबल्याचें खोड लांकडाचें असतें. डग्गा तांब्याचा, पितळेचा किंवा मातीचा. पुडीच्या कडेस चाट, तिच्या आंत लव, आणि मध्यभागीं काळी वर्तुळाकार शाई. लोहकीस, कोळशाची पूड व पिठाची खळ यांचें हें मिश्रण एकावर एक पातळ थर देऊन, प्रत्येक थर गुळगुळीत दगडानें घोटून बसवावें लागतें. घोटतांना त्यांत सूक्ष्म भेगा पडतात, म्हणून इतका जाड लेप असूनही चामडें मोकळेपणानें हलतें. मध्यभागीं हें वजन आल्यामुळें विस्कळित कंपनें सुरेल क्रमानें लागतात. रामन यांनीं आपल्या चर्मवाद्यांवर १९२० सालीं एक टिपण व १९३४ सालीं सविस्तर निबंध लिहिला. त्यांत पहिल्या नऊ कंपनप्रकारांतून पांच सुसंवादी स्वरांची मालिका तयार होते, असें दाखविलें आहे. म्हणूनच तबला षड्जांत मिळवितां येतो. डग्ग्यावरील शाई मध्यावर नसून एका बाजूस असते. मोकळ्या भागावर मनगटाचा दाब कमीअधिक करून वादक घुमारा चढवितो व उतरवितो.

आतां हीं दोन वाद्यें एकत्र कशीं येतात तें ऐका. आलाप व जोड चालू असतां तबलजी स्वस्थ बसून असतो. गत सुरू झाली म्हणजे ठेका येतो. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिली सम, नववी खाली. खालीच्या भागांत डग्ग्याचा घुमारा थांबतो. कांहीं न वाजवून तबला आपणांस तालाची जागा सांगतो! मसीतखानी गत बाराव्या मात्रेपासून उठते आणि 'दिर दा दिर दा रा' अशी चालून 'दा' वर समेस मिळते. पुढें तबलजीला आपलें कौशल्य दाखवावयाचें असतें, तेव्हां सतारिया तीच गत साधेपणानें फिरवीत राहतो. एकानें बोलावें तेव्हां दुसऱ्यानें आधार द्यावा, हा संगतीचा धर्म. आपल्याकडील जुन्या पिढीस उस्ताद अहमदजान थिरकवा यांचें उदाहरण ठाऊक होतें. स्वतंत्र वादनांत अग्रगण्य असलेला हा पुरुष गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांच्या पदांना साथ करीत असे, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं.

परंतु वादकाचीं नांवें आपण आठवतों, आणि ज्यानें घोडी घांसली व शाई घोटली त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. आपल्या महाराष्ट्रांतील मिरज हें गांव सतार व तंबोरे यांकरितां देशभर प्रसिद्ध आहे. शस्त्रें घडविणाऱ्या व पाजळणाऱ्या शिकलगारांच्या वंशजांनीं एकोणिसाव्या शतकांत तेथें हा व्यवसाय उभा केला. पंढरपुराच्या बाजूस पिकणारा कडू भोपळा व तुणीचें लांकूड यांतून तेथें वाद्य आकार घेतें. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. मानांकनानें नांवाचें रक्षण होईल. हाताचें रक्षण मात्र त्यानें होणार नाहीं. जवारी किती घांसावी याचें माप कोठेंही लिहिलेलें नाहीं. कारागीर दोनदां कानस फिरवितो, तार छेडतो, ऐकतो, आणि पुनः घांसतो. एक घांस अधिक झाली कीं स्वर बिघडला! तीच गोष्ट शाईच्या थरांची. ही विद्या कानांतून हातांत उतरते, आणि म्हाताऱ्या हाताजवळ तरुण हात येऊन बसला तरच पुढें जाते. तो आला नाहीं तर रामन यांचे निबंध कपाटांत राहतील, पण त्यांत वर्णिलेला स्वर राहणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं फारच थोडे सतारिये वा तबलजी होतील. पण पुढील खेपेस मैफलींत बसाल तेव्हां वेग पाहूं नका. स्वर विरतांना काय होतें तें ऐका, आणि खालीच्या जागीं कोणता आवाज नाहीं तें ऐका. मैफल संपल्यावर वादकाला एक प्रश्न अवश्य विचारा : "आपली जवारी कोणी काढली?" त्या प्रश्नानें एका अज्ञात कारागिराचें नांव चार माणसांत उच्चारलें जाईल, आणि ज्या कामाचें नांव घेतलें जातें, तें काम शिकावयास कोणीतरी पुढें येतो.