क्रीम सोडलंस, पण डाग?

सिडको, छत्रपती संभाजीनगर

चि. सौ. छकुलीस,

काल ताईचा फोन आला. ठेवता ठेवता म्हणाली, "छकुलीनं ते कोरडेपणाचं क्रीम सोडलं, क्रीमनंच डाग लागला म्हणे." रात्रभर डोळ्याला डोळा नाही. क्रीमचं नंतर बघू. डाग लागला आणि तू डॉक्टरांना कळवलंही नाहीस? पाळी जाऊन तीन वर्षं झाली ना तुझी? मग थेंबभर का असेना, दाखवायलाच हवं.

खोक्यातली चिठ्ठी वाचून घाबरलीस म्हणे. कॅन्सर, लकवा, रक्ताच्या गुठळ्या! अगं, ती भीती मुख्यतः पोटात घ्यायच्या गोळ्यांवरून आलेली. अमेरिकेत दोन हार्मोनच्या गोळ्यांचा मोठा अभ्यास 2002 मध्ये मध्येच थांबवला आणि तोच इशारा योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या क्रीमलाही चिकटला. क्रीममधून रक्तात फार थोडं उतरतं. 2025 च्या नोव्हेंबरात तिथल्या औषध प्रशासनानं तो इशारा काढायचं जाहीर केलं.

त्रास होतच नाही असं नाही. सुरुवातीला चुरचुरतं, खाज येते, पांढरं जातं, कधी छाती दुखरी होते, डोकं धरतं. नळी काठोकाठ भरत नव्हतीस ना? बहुधा दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा, एवढंच सांगतात. आणि उरलेली ट्यूब थोरल्या जाऊबाईंना देऊ नकोस. त्यांचं स्तनाचं ऑपरेशन झालंय. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी हात लावायचा नाही.

तर डाग. क्रीमनं लागू शकतो, आतली कातडी कोरडी पडली म्हणूनही लागतो. बहुतेकदा किरकोळच निघतं. पण गर्भपिशवीच्या कॅन्सरची सुरुवातही अशीच असते, आणि लवकर सापडला तर तो बहुधा बरा होतो. क्रीम बंद केलं, डाग थांबला, म्हणजे सुटलीस असं नाही.

तू का जात नाहीस ते मला ठाऊक आहे. गेवराईत राहतेस, ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या ते जवळून पाहिलंयस. 2019 मध्ये सरकारला त्याच्या चौकशीला नीलम गोऱ्हेंची समिती नेमावी लागली. तुझी भीती खोटी नाही. पण सोनोग्राफीत कुणी पिशवी काढत नाही. आतलं अस्तर मोजतात; 4 मिलिमीटर किंवा कमी असलं तर सहसा काळजी नसते, जाड असलं तर बारीक तुकडा तपासायला घेतात. त्याचा रिपोर्ट यायच्या आधीच कुणी "काढून टाकू" म्हणालं तर सही करायची नाही, उठून इथं घाटी हॉस्पिटलात यायचं.

फार रागावले का? तुझ्या आजीची आठवण येते गं. म्हातारपणी सारखी लघवीची आग, सारखी कणकण. मी आणि तुझी आई तिला सब्जा, धन्याचं पाणी देत राहिलो. नेमकं कुठं जळतं, हे मी लेकराबाळांची बाई असून आईला विचारू शकले नाही. त्या वयात कोरडेपणानं लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं आणि असल्या क्रीमनं ते कमी होतं, हे कळेपर्यंत ती गेली होती. तुझी आग कमी झाली होती ना? डॉक्टर हो म्हणाले तर पुन्हा लाव. आधी डाग.

सोमवारी पहिल्या गाडीनं ये. स्टँडवर मी रिक्षा घेऊन थांबते. जावईबापूंना माझे गुडघे दुखतात म्हणून सांग, ते खोटंही नाही. तपासायला आत मी येईन तुझ्यासोबत. डबा आणू नकोस, येसराची आमटी करून ठेवते.

तुझी मावशी