आधी तांदूळ भिजव, मग यादी कर

नौपाडा, ठाणे
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. छकुलीस,


यंदा मैत्रिणींना विकतचं काही द्यायचं नाही, फराळ घरचा आणि कंदील हातचा, असा तुझा बेत तुझ्या आईकडून कळला. आत्याला आनंद झाला, पण पुढची यादी ऐकून धडकी भरली. चकली, करंज्या, अनारसे, दोन तऱ्हांचे लाडू, चिवडा, कंदील, रंगवलेल्या पणत्या आणि वर सोसायटीच्या आवारात किल्ला! डोंबिवलीहून रोज लोकलला लटकून कॉलेज गाठणाऱ्या मुलीनं हे सगळं एकटीनं करायचं?

हे कुणीच कधी एकटीनं केलेलं नाही. ठाण्या-कल्याणच्या वाड्यांत आणि चाळींत आज एकीकडे चकल्या, तर उद्या दुसरीकडे शेव अशी पाळी असायची. सोऱ्या आणि मोठी कढईसुद्धा घरोघर फिरायची. करंजीची तर घडणच चार हातांची. एकीनं लाट्या लाटायच्या, दुसरीनं सारण भरायचं, तिसरीनं कातणं फिरवायचं, चौथीनं तळणीपाशी उभं राहायचं. एकटी बाई करायला बसली की लाट्या वाळतात, कडा चिकटत नाहीत आणि सारण तुपात सुटतं. म्हणून तू आणि तुझ्या मैत्रिणी अशा चौघींनी पदार्थ वाटून घ्यावेत. प्रत्येकीनं एकच करावा, पण चारही घरांना पुरेल एवढा. करंज्यांना मात्र चौघींनी एका घरी जमावं. गप्पांची सोय आपोआप होते.

अनारसे तू घे. तुमच्यात धीराची तूच, आणि या पदार्थाला लागतो तो धीरच. जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सावलीत फडक्यावर पसरायचा आणि हाताला दमट लागत असतानाच दळून बारीक चाळायचा. मग जवळजवळ पिठाच्या वजनाइतका किसलेला गूळ त्यात मळून गोळे डब्यात ठेवून द्यायचे. पुढच्या चार-सहा दिवसांत पीठ मुरतं, आणि त्या मुरण्यावरच जाळी अवलंबून असते. हिशेब मांड. कोजागरीची पौर्णिमा झाली, वसुबारस वद्य द्वादशीला. मधे जेमतेम बारा दिवस. त्यातले तीन भिजण्यात गेले, सहा मुरण्यात गेले, की उरलं काय?

तळताना अनारसा खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल पडलं, तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विस्कटून कढईभर होतो. अशा वेळी गूळ न घातलेलं थोडं पीठ हाताशी असावं. ते मिसळलं की निभावतं. ते आधीच बाजूला काढून ठेव.

चकली जिच्या वाट्याला येईल तिला सांग, की भाजणी घरी भाजली तर निम्मं काम तिथेच होतं. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, शिवाय धणे आणि जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण तांदूळ आणि डाळ एका वेळी भाजून होत नाहीत. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दगड होते. तेलातले बुडबुडे विरळ झाल्याखेरीज ती बाहेर काढायची नाही. मापांबद्दल वाद झालाच तर कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ उघडावं. 1970 साली आलेल्या या पुस्तकानं वाटी-चमच्याची मापं घरोघर नेली. त्याआधी ‘अंदाजानं घाल’ हेच माप होतं, आणि तो अंदाज सासूचा असायचा.

चिवडा सोपा. मुंबई-ठाण्यातून पाऊस साधारण 8 ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो आणि मग ऑक्टोबरचं ऊन तापतं. त्या उन्हात पातळ पोहे वाळवले की परतताना आकसत नाहीत. लाडू विकत आणले तरी चालतील. डोंबिवलीत घरगुती फराळ करून देणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या हातचा बेसनलाडू पुष्कळ घरांतल्या लाडवाहून सरस असतो. त्यात कमीपणा मानू नये.

आता कंदील. बांबूच्या सारख्या लांबीच्या चोवीस काड्या घ्या. त्यांचे सहा चौकोन बांधा आणि चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून जोडा. मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. हा झाला जुन्या घाटाचा सांगाडा. त्यावर पतंगाचा कागद खळीनं चिकटवायचा, चौकोनांना कागदी करंज्या लावायच्या आणि खाली झिरमिळ्या सोडायच्या. आत लहान एलईडी दिवा पुरे, तो तापत नाही. थर्माकोलचा मोह नको. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आहे, आणि तसाही तो खाडीतच जाऊन अडकतो. धीटपणे रंग कसे जुळवतात ते बघायचं असेल, तर एका संध्याकाळी माहीमच्या कंदील गल्लीत जाऊन यावं. बघायला जावं, विकत आणायला नव्हे. पणत्यांना यंदा सुट्टी दिली तरी कुणी रुसणार नाही.

किल्ल्याबाबत मात्र आत्याचा हट्ट आहे. 11 जुलै 2025 ला युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून अंगणाअंगणात रायगड आणि प्रतापगड जास्तच दिसणार हे उघड आहे. तुमच्या सोसायटीतल्या मुलांना घेऊन तू दुर्गाडी कर. कल्याणहून भिवंडीकडे निघालं की खाडीपुलाशी जो दिसतो, तोच. यादीत त्याचं नाव नाही, पण दिवाळीशी त्याचं नातं जवळचं आहे. 24 ऑक्टोबर 1657 ला, वसुबारसेच्या दिवशी, कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. पुढे याच खाडीकाठी दुर्गाडी उभा राहिला आणि मराठ्यांची जहाजं बांधली जाऊ लागली. करायलाही तो सोपा आहे. टेकडी बुटकी, त्यामुळे माती ढासळत नाही. विटांचे तुकडे, वर ओलं गोणपाट, त्यावर लाल माती आणि अळीव. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतात, म्हणून धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पेरले तरी पाडव्याला हिरवं दिसतं. मावळ्यांच्या जोडीला कागदी होड्या हव्यात, नाहीतर तो दुर्गाडी आहे हे कुणाला कळणार?

दिवाळीच्या पहाटे तुम्ही सगळ्याजणी फडके रोडवर जाणारच. ठाण्यातली मुलं राम मारुती रोडला आणि तलावपाळीला जमतात, तशी तुमच्याकडची गणेश मंदिराच्या परिसरात. खुशाल जा, नटून जा, पण फराळाची देवाणघेवाण तिथे नको. त्या गर्दीत करंजीचा चुरा होतो आणि अनारसे कुणाच्या पिशवीत गेले ते कळत नाही. डबे आदल्या संध्याकाळी घरी जाऊन द्यावेत. स्टीलचे द्यावेत, झाकणावर नाव लिहावं, आणि चकली-चिवडा अनारशांच्या डब्यात कोंबू नये, नाहीतर दोन दिवसांत सगळं एकाच चवीचं लागतं. डबा रिकामा परत करायचा नसतो हे मैत्रिणींना माहीत नसेल तर तू सांगू नकोस, त्यांच्या आया सांगतील.

पितळी सोऱ्या आत्याकडे आहे. चकल्यांच्या पाळीआधी येऊन घेऊन जा, चकत्या मोजून ने आणि मोजून परत आण. तांदूळ आज रात्रीच भिजव.

तुझी,
आत्या