टायगर मॉथचे मागे झुकलेले पंख

मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ साली स्थापन झाला. भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना तेथेच शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांस १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळाला. त्या काळी अशा क्लबांत जॉफ्री डी हॅविलँड यांचे ‘मॉथ’ हे हलके विमान फार लोकप्रिय होते. एकावर एक पंख असलेले हे विमान १९२५ साली प्रथम उडाले. त्याचे पंख मिटून ते थोड्या जागेत ठेवता येत असे.

परंतु त्यात एक उणीव होती. वरचा पंख पुढच्या आसनाच्या माथ्यावरच येई. त्यामुळे हवाई छत्री बांधून बसलेल्या शिक्षकास संकटसमयी बाहेर पडणे दुष्कर होई. म्हणून १९३१ च्या ‘टायगर मॉथ’मध्ये वरचा पंख पुढे सरकविण्यात आला. तेवढ्याने मात्र पंखांची उचल गुरुत्वमध्याच्या पुढे गेली असती व तोल बिघडला असता. यास्तव पंखांची टोके किंचित मागे झुकविली व तोल साधला.

विद्यार्थिमित्रहो, तराजूचा नियम तो हाच! या विमानाचे चित्र पाहाल तेव्हा ध्यानी असू द्या : त्या झुकत्या रेषेमागे शिक्षकाच्या प्राणांची चिंता आहे.