नादारीनंतरचा पगार आणि त्यातील वाटे

धंदा बुडाला, न्यायालयाने नादार ठरविले, घरातले किडुकमिडुक रिसीव्हरच्या ताब्यात गेले. आणि मग पांडुरंगाच्या कृपेने कुठे तरी नोकरी लागली. महिनाअखेर पहिला पगार हाती येणार. तो पगार कोणाचा? ज्या घरी हा प्रश्न निघतो त्या घरी दोन पक्ष ठरलेले असतात. एक पक्ष म्हणतो, "दिवाळे निघाले, वहीवर पाणी पडले, आता मिळेल ते आपले." दुसरा म्हणतो, "लोकांचे बुडविले ते पाप. आपण मीठभाकर खाऊ, पण सगळा पगार धनकोपुढे ठेवू." पहिला पक्ष बहुधा तरुण मुलाचा, दुसरा वृद्ध आईचा. शास्त्र पाहिले, कायदा पाहिला, तर दोन्ही पक्ष खंडनास पात्र ठरतात. पगारात वाटे आहेत. एक वाटा घरच्या अन्नाचा, त्याला धनकोने हात लावायचा नाही. दुसरा वाटा धनकोंचा, तो घरच्यांनी दडवायचा नाही. कोणता किती, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आमचे खामगाव हे कापसाचे गाव. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी झाली तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध थांबले, भाव कोसळला आणि मुंबईतल्या भल्याभल्या पेढ्या बसल्या. पुढे १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला, बाजार वाढला, पण तेजीमंदीचा स्वभाव काही बदलला नाही. ज्याने अडत केली, गठाणी भरल्या, त्याला हे सांगावे लागत नाही. दिवाळे ही येथे दुसऱ्याच्या घरची गोष्ट नव्हे.

दिवाळे म्हटले की वारकऱ्याला तुकोबाराय आठवणारच. घरचे वाण्याचे दुकान, महाजनकी. दुष्काळ पडला, गुरेढोरे गेली, व्यापार बसला, दिवाळे निघाले. पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकली आहे. पण ही कथा लोक सोयीने ऐकतात, बरे का. कोणी म्हणतो, "महाराजांनीसुद्धा खते बुडविलीच ना?" अहो बाप्पा, ती खते लोकांकडून येणे असलेल्या पैशाची होती! स्वतःचे देणे त्यांनी बुडविले नाही, स्वतःचे येणे बुडविले. आणि परंपरा सांगते की, तेही अर्धेच. अर्धी खते धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची, ती त्याच्या हाती दिली. वैराग्य आपल्या वाट्यावर करता येते, दुसऱ्याच्या वाट्यावर नाही. नादाराच्या पगाराला हेच तंतोतंत लागू आहे.

आता शास्त्र. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणादान नावाचे प्रकरण आहे. त्यात निर्धन झालेल्या ऋणकोचा विचार केला आहे. ब्राह्मण असेल तर जसजसे उत्पन्न होईल तसतसे हळूहळू घ्यावे, खालच्या मानलेल्या जातीचा असेल तर त्याच्याकडून काम करवून घ्यावे, असा भेद तेथे आहे. हा भेद आज कोणी मानू नये. पण उत्पन्नाच्या मानाने हळूहळू घ्यावे, हा जो नियम एकालाच दिला होता तो आज कायद्याने सर्वांना दिला आहे. दामदुपटीचा नियमही तेथलाच वारसा; एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज घेता येत नाही. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यातही न्यायाधीशाला कर्जाचे हप्ते बांधून देता येत असत. तेव्हा 'हळूहळू' ही काही आजची सवलत नाही.

सध्याचा कायदा कोणता, याबद्दल फार गोंधळ आहे. २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली, हे खरे. पण तिच्यातला व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांना जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरताच. तुमच्याआमच्यासारख्या माणसाला मुंबई शहराबाहेर १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो. त्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे नादार ठरल्यावर माणसाची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, आणि सुटका होईपर्यंत पुढे जे नवीन मिळेल तेही जाते. येथेच घरचे लोक घाबरतात. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, दिवाणी प्रक्रिया संहितेने ज्याची जप्ती होत नाही ते या मालमत्तेत धरायचे नाही. त्या संहितेचे कलम ६० उघडून पाहावे. नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने (आपले मंगळसूत्र), कारागिराची हत्यारे, हे सारे सुटले आहे. मजुराची मजुरी पूर्ण सुटली आहे. प्रॉव्हिडंट फंडाला हात लागत नाही. आणि पगार? पहिले १,००० रुपये, अधिक उरलेल्याचे दोन तृतीयांश, एवढे घराचे. राहिलेला तृतीयांश धनकोंचा.

समजा, एक अडत्या बुडाला आणि जिनिंगमध्ये मुनीम म्हणून १९,००० रुपयांवर लागला. पहिले १,००० बाजूला. उरले १८,०००, त्याचे दोन तृतीयांश १२,०००. म्हणजे १३,००० घराचे आणि ६,००० धनकोंचे. पगार वाढून २५,००० झाला तर १७,००० घराचे, ८,००० धनकोंचे. हिशेब इतका सोपा आहे. हे १,००० रुपये २००२ सालापासून तेवढेच आहेत. त्यापूर्वी ४०० होते. आज हजार रुपयांत महिन्याचे दूध तरी येते का? हा आकडा वाढायला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. टाकलेल्या बायकोच्या किंवा मुलांच्या पोटगीचा हुकूमनामा असेल तर पगाराचा तृतीयांशच सुटतो, दोन तृतीयांशांवर जप्ती येऊ शकते. हे योग्यच आहे.

नोकरी लागली की पहिले काम कोणते? न्यायालयाला आणि रिसीव्हरला लेखी कळविणे. मालकाचे नाव, पगार, रुजू झाल्याची तारीख. पुष्कळ लोक लाजेने लपवितात. मालकाला कळले तर काढून टाकील, ही भीती. पण लपविलेला पगार पुढे उघडकीस आला की मुक्ततेच्या अर्जावर पाणी पडते. त्या अर्जाचे महत्त्व फार. नादार ठरविताना न्यायालय मुदत घालून देते. त्या मुदतीत मुक्ततेसाठी अर्ज करावा लागतो. केला नाही तर नादारीच रद्द होते, आणि ज्या धनकोंना आजवर परवानगीवाचून तुमच्यावर एकेकटे चालून येता येत नव्हते ते सगळे पुन्हा मोकळे. ही तारीख पंचांगावर एकादशीसारखी लिहून ठेवावी.

अर्ज आला की कलम ४१ प्रमाणे न्यायालय चारपैकी एक करते. पूर्ण मुक्तता देते, नाकारते, काही काळ लांबणीवर टाकते, किंवा पुढील कमाईतून अमुक भरावे अशी अट घालून मुक्तता देते. नोकरदाराला बहुधा या चौथ्या वाटेचा विचार करावा लागतो. त्या वेळी घरात खाणारी तोंडे किती, भाडे किती, औषधे किती, मुलांची शाळा किती, याचा खरा तक्ता न्यायाधीशापुढे ठेवावा. कमी सांगू नये, फुगवूनही सांगू नये. आणि दिवाळे सट्ट्याने, जुगाराने किंवा उधळपट्टीने निघाले असेल, अथवा मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर सरळ मुक्तता मिळत नाही. आठ आण्यांच्या बाबतीत दोष आपला नव्हता हे पटवून देता येते. पाऊस गेला, बोंडअळी आली, हे पटविता येते. सट्टा कसा पटविणार?

मुक्तता झाली तरी सरकारी देणे, लबाडीने केलेले कर्ज आणि पोटगी यांतून सुटका नाही.

मुक्ततेपूर्वी एक पथ्य फार कडक आहे. ५० रुपये किंवा त्याहून अधिक उधारी करायची तर 'मी नादार आहे' हे समोरच्याला आधी सांगावे लागते. न सांगता घेतली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १९२० सालचे ५० रुपये कुठे आणि आजचे कुठे! किराणा दुकानातली महिन्याची वहीसुद्धा यात येते. तेव्हा रोखीने घ्यावे, नाही तर मुकाट्याने खरे सांगावे. पगाराचे खाते ज्या बँकेचे कर्ज थकले आहे तिच्यात उघडू नये. शिल्लक कर्जापोटी वळती करून घेण्याचा हक्क बँकेला असतो. पतसंस्थेचे कर्ज असेल तर पगारातून परस्पर कापून घेण्याचा करार पूर्वी सही करून दिला होता का, तेही तपासावे. सहकारी कायद्यात तशी सोय आहे, आणि तो कागद नव्या मालकाकडे पोचला तर रिसीव्हरला लगेच सांगावे.

आईच्या पक्षाबद्दल एक बोलायचे राहिले. तिला वाटते, भाऊबंदांतल्या अमक्याचे तेवढे आधी गुपचूप देऊन टाकू. धनकोंच्या तृतीयांशातून एकालाच गुपचूप देणे म्हणजे बाकीच्यांचा वाटा उचलून त्याला देणे. तो हिस्सा रिसीव्हरकडेच जावा, तो सर्वांना प्रमाणात वाटील. आणि घरच्या वाट्यातूनही सगळे देऊन नातवंडांना उपाशी ठेवू नये. तो वाटा त्यांचाच म्हणून कायद्याने राखला आहे. मुलाचा पगार बापाच्या नादारीत येत नाही. पुत्राने पितृऋण फेडावे हा धर्म म्हणून जुनी न्यायालये मुलाला धरीत. पण २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांसाठी केवळ तेवढ्या कारणाने मुलाला, नातवाला धरता येत नाही. वारशाने मिळालेल्या मालमत्तेची गोष्ट वेगळी.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियात मुलेबाळे असलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. तिकडेही वाट्याचाच न्याय आहे. इंग्लंडात नादार माणूस बहुधा १२ महिन्यांत मोकळा होतो, पण घरखर्च भागून उरणाऱ्या पगारातून तीन वर्षांपर्यंत हप्ते द्यावे लागू शकतात. ऑस्ट्रेलियात ठरलेल्या मर्यादेवरच्या उत्पन्नाचा निम्मा भाग जातो. नोकरी बदलली, पगार वाढला, तर तिकडच्या विश्वस्ताला कळविणे बंधनकारकच.

शेवटी जामीनदार. नादाराची मुक्तता झाली तरी त्याचा जामीन सुटत नाही. बँक जामिनाच्या पगारावर जाऊ शकते. आणि आपल्याकडे जामीन कोण असतो? साडू, शेजारी, दिंडीतला जोडीदार. त्याने ज्या दिवशी सही केली त्या दिवशी चहासुद्धा घेतला नसेल. नादाराने पहिल्या पगाराच्या आधीच त्याच्या घरी जाऊन सगळे सांगावे. त्याने तुमच्यासाठी भरलेली रक्कमही पावत्यांसह रिसीव्हरकडे मागणी म्हणून नोंदविता येते का, हे वकिलाकडून दोघांनी मिळून विचारून घ्यावे. वकिलाची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता, व इतरांना मर्यादेतले उत्पन्न असल्यास तेथे फुकट वकील मिळतो. जाताना नादारीचा हुकूम, नेमणुकीचे पत्र, पगाराची चिठ्ठी, बँकेचे पासबुक आणि जामीनखताची नक्कल बरोबर न्यावी.