ज्ञात दोष आणि त्यांची दुरुस्ती : नेटवर्क स्विचच्या फर्मवेअरचा परिचय

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या गावात एक पाझर तलाव होता. परंतु त्याच्या भिंतीतून पाणी निसटून जात असल्याने तलावात साठा टिकत नसे. १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी श्रमदान करून ती भिंत दुरुस्त केली आणि तलावाच्या खालच्या अंगाच्या सात विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिले. राज्याला मार्गदर्शक ठरलेल्या पाणलोट विकासाची सुरुवात अशी एका जुन्या कामातील दोष ओळखून तो दूर करण्यापासून झाली. दोष एका ठिकाणी होता. त्याची झळ मात्र खालच्या सातही विहिरींना बसत होती.

आज गावाच्या कारभाराचा मोठा भाग दुसऱ्या एका प्रवाहावर अवलंबून आहे. तो प्रवाह माहितीचा होय. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा महाराष्ट्रात २०१८ पासून मिळू लागला. ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूंनी जोडण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २०११ मध्ये मान्यता दिली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नेही सार्वजनिक प्राधिकरणांनी योग्य ते अभिलेख संगणकीकृत करून जाळ्याने जोडावेत, असे बंधन घातले आहे. या अधिकारासाठी झालेल्या चळवळीत राळेगणसिद्धीचा वाटा सर्वश्रुत आहे. तथापि, हे जाळे ज्या यंत्रांवर चालते, त्यांच्या निगेविषयी फारशी माहिती सामान्यतः नसते. त्यांपैकी एका यंत्राचा येथे परिचय करून दिला आहे.

ब्लेड सर्व्हर व त्याचा स्विच

मोठ्या संगणक केंद्रांत जागा व वीज यांची बचत व्हावी म्हणून पात्यासारखे सपाट सर्व्हर एका सामाईक पेटीत उभे बसविले जातात. त्यांना ब्लेड सर्व्हर म्हणतात. वीजपुरवठा, पंखे आणि नेटवर्क स्विच हे या सर्वांना मिळून असतात. प्रत्येक सर्व्हरची माहिती या स्विचमधूनच बाहेर जाते व आत येते. एखादा सर्व्हर बंद पडल्यास त्यावरील एखादे काम थांबते. स्विच बिघडल्यास पेटीतील सर्वच सर्व्हरांचा बाहेरील जगाशी संबंध तुटू शकतो. म्हणूनच अशा पेटीत बहुधा दोन स्विच बसवून प्रत्येक सर्व्हरला दोन वाटा ठेवण्यात येतात.

स्विच कसा चालावा हे सांगणारी आज्ञावली त्याच्याच स्मृतीत कायमची साठविलेली असते. तिला फर्मवेअर असे नाव आहे. ही आज्ञावली माणसांनीच लिहिलेली असल्यामुळे तीत उणिवा राहतात आणि काही उणिवा दीर्घ वापरानंतरच उघड होतात. अनेक यंत्रे आपण किती काळ चालू आहोत हे सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजतात. हा आकडा ३२ अंकस्थानांच्या द्विमान संख्येत ठेवला, तर सुमारे ४९७ दिवसांनी ती संख्या भरते व मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. आज्ञावली लिहिताना याचा विचार झाला नसेल, तर इतके दिवस बिनतक्रार चाललेले यंत्र एकाएकी चुकीचे वागू लागते.

ज्ञात दोषांची यादी

फर्मवेअरची नवी आवृत्ती निघते तेव्हा उत्पादक तिच्यासोबत एक टिपण प्रसिद्ध करतात. त्यात साधारणपणे तीन गोष्टी असतात : या आवृत्तीत दूर केलेले दोष, अद्याप शिल्लक असलेले ज्ञात दोष, आणि दुरुस्ती होईपर्यंत योजावयाचा तात्पुरता उपाय. दोषांची यादी पाहून यंत्र कमअस्सल आहे, असा समज करून घेणे योग्य नव्हे. जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचला गेल्याने पंचायतीची पत वाढते. तसेच या यादीचे आहे. धोका असतो तो यादी न वाचण्यात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूलेट पॅकार्ड एन्टरप्राइझ या कंपनीने आपल्या काही साठवण-यंत्रांतील दोष जाहीर केला. ती यंत्रे ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर बंद पडणार होती आणि त्यांतील माहिती परत मिळणार नव्हती. एकाच दिवशी सुरू केलेली यंत्रे जवळजवळ एकाच वेळी निकामी होण्याचा संभव असल्याने, एकाची प्रत दुसऱ्यावर ठेवण्याचा नेहमीचा उपायही तोकडा पडला असता. फर्मवेअरची सुधारित आवृत्ती वेळेत बसविणे हाच मार्ग होता. ज्यांनी सूचना वाचली, त्यांची माहिती वाचली.

एप्रिल २०१८ मध्ये इराण व रशियासह अनेक देशांतील सिस्को कंपनीच्या स्विचांवर हल्ला होऊन त्यांतील मांडणी पुसली गेली. त्यासाठी स्विचमधील दूरस्थ जोडणीच्या एका सुविधेचा गैरवापर झाला. ही सुविधा गरज नसल्यास बंद ठेवावी, असा सल्ला कंपनीने त्यापूर्वीच दिला होता. तात्पुरता वाटणारा उपायही किती मोलाचा असतो, हे यावरून दिसते.

घाईही तितकीच घातक ठरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीतील एक सदोष बदल जगभर एकदमच पाठविला गेला आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. हा बदल फर्मवेअरचा नव्हता. परंतु कोणतीही सुधारणा आधी थोड्या यंत्रांवर पारखून मगच सर्वत्र न्यावी, हा धडा दोहोंनाही लागू आहे.

अद्ययावत करण्याची रीत

१. कोणते यंत्र कोठे आहे व त्यात फर्मवेअरची कोणती आवृत्ती आहे, याची नोंदवही ठेवावी.

२. नव्या आवृत्तीचे टिपण पूर्ण वाचावे. पेटीच्या नियंत्रक भागाशी ती आवृत्ती जुळते काय आणि मधली एखादी आवृत्ती आधी बसवावी लागते काय, हे पाहावे.

३. फर्मवेअर उत्पादकाच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे व त्याची डिजिटल स्वाक्षरी तपासावी.

४. स्विचच्या सध्याच्या मांडणीची प्रत अन्यत्र सुरक्षित ठेवावी. जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट मोकळी असावी.

५. दोन स्विचांपैकी एकाचेच काम आधी करावे. तत्पूर्वी दुसरी वाट खरोखर चालू आहे याची चाचणी घ्यावी; ती केवळ कागदावर असल्यास सारे काम ठप्प होईल.

६. काम कचेरीच्या वेळेबाहेर करावे व संबंधितांना पूर्वसूचना द्यावी. मध्येच वीज गेल्यास स्विच निकामी होऊ शकतो; म्हणून पर्यायी वीजपुरवठा तयार असावा.

७. पहिला स्विच काही दिवस निर्दोष चालल्यावर दुसरा हाती घ्यावा आणि काय केले, काय आढळले, याची नोंद करावी.

पंचायत व शाळा यांचे काम

ब्लेड सर्व्हर गावात नसतो. तो दूरच्या केंद्रात असतो. पंचायतीच्या कार्यालयात आणि शाळेच्या संगणक कक्षात मात्र लहान स्विच व राउटर असतात आणि त्यांतही फर्मवेअरच असते. ते बसविल्या दिवसापासून कोणी पाहिले आहे काय, त्याचा मूळ परवलीचा शब्द बदलला आहे काय, उत्पादकाने त्याच्या सुधारणा देणे बंद तर केले नाही ना, हे प्रश्न सरपंच, ग्रामसेवक व मुख्याध्यापक यांनी विचारावेत. देखभालीचा करार करताना केवळ यंत्र बदलून देण्याची हमी पुरेशी नाही. फर्मवेअर कोण तपासणार, किती कालावधीने तपासणार आणि त्याची नोंद कोठे ठेवणार, ही कलमे करारात असावीत. ती नोंद मागेल त्यास पाहावयास मिळावी.

दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला ‘सर्व्हर बंद आहे’ एवढेच उत्तर मिळते, तेव्हा त्याची एक दिवसाची मजुरी बुडते आणि परतीचे भाडे अंगावर पडते. प्रत्येक बिघाड टाळता येणार नाही हे खरे. परंतु ज्याचे कारण आधीच जाहीर झाले होते आणि ज्याची दुरुस्ती उपलब्ध होती, अशा बिघाडापायी त्याला हेलपाटा पडू नये, एवढी दक्षता प्रत्येक कार्यालयाला घेता येण्यासारखी आहे.