एकट्याने कोकणचा किनारा: पाच दिवसांचा हिशेब

रत्नागिरी शहरातून निघून जिल्ह्याचा किनारा एकट्याने फिरायचा, तर स्वतःच्या दुचाकीवर पाच दिवसांना ११ हजार रुपयांच्या आसपास लागतात. मोटारीने गेलात तर १५ हजार. तीच मोटार दोघांत नेली, तर माणशी साडेनऊ हजारांच्या आत भागतं. म्हणजे मोटारवाल्याला एकटं जाण्याचा भुर्दंड सहा हजारांच्या जवळपास बसतो. तो पेट्रोलमध्ये दिसतो, पण खरा बसतो खोलीत आणि अडचणीच्या वेळी. कुठे किती धरायचे आणि कुठे हात आखडायचा नाही, याचा हा हिशेब आहे.

पुढचे आकडे अंदाजपत्रकाचे आहेत. गर्दी नसलेल्या दिवसांचे, मध्यम दर्जाच्या सोयीचे दर धरले आहेत. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि लागून आलेल्या सुट्या असतील तर खोलीचा आकडा सरळ दीडपट करा.

रस्ता कुठला?

पहिल्या दिवशी दक्षिणेकडे जा. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, जैतापूर आणि परतताना राजापूर, लांजा, हातखंबा. मुक्काम गणपतीपुळे किंवा मालगुंडला. दुसऱ्या दिवशी जयगडहून खाडी ओलांडून तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. तिसऱ्या दिवशी धोपावेहून दाभोळला उतरून कोळथरे, लाडघर, कर्दे, मुरुड, हर्णै. चौथ्या दिवशी आंजर्ले, केळशी, वेळास. पाचव्या दिवशी मंडणगडवरून खेड गाठायचं आणि चिपळूण, संगमेश्वर करत महामार्गाने परत.

फाटे, चुकलेली वळणं, किल्ल्यापर्यंतच्या ये-जा असं सगळं धरून साडेसहाशे किलोमीटर पकडा. अंतर फार नाही, पण वेग मिळत नाही. किनाऱ्याचा रस्ता खाडी आली की खाली उतरतो आणि लगेच पुढच्या सड्यावर चढतो. ताशी तीस किलोमीटरची सरासरी धरून बेत आखा आणि अंधाराच्या आत मुक्कामाला पोचा.

रत्नागिरीपर्यंत यायचा खर्च यात नाही. कोल्हापूरहून आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटर पडतात. मुंबई-पुण्याहून येणाऱ्याने जाऊन-येऊन आणखी सहा-सातशे किलोमीटरचं पेट्रोल वाढवावं.

पेट्रोल

लिटरला १०५ रुपये धरा. चढउतारावर दुचाकी ४० आणि मोटार १४ किलोमीटर देते असं मानलं, तर दुचाकीला १,७०० आणि मोटारीला ४,९०० रुपये होतात. तालुक्याच्या गावी पंप असतो, मधल्या किनारपट्टीत मात्र तो सापडेलच असं नाही. टाकी अर्ध्यावर आली की पुढच्या पंपावर भरून टाका. टपरीवर बाटलीतलं पेट्रोल मिळतं, पण ते महाग असतं आणि त्यात काय मिसळलंय ते विकणारा सांगत नाही.

कोकण रेल्वेने येऊन रत्नागिरीत दुचाकी भाड्याने घ्यायची तर दिवसाला ६०० रुपये आणि वर अनामत रक्कम धरा. भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असायला हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी 'आपल्यातलीच आहे, घेऊन जा' म्हणून दिली तर नको म्हणा. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि शंभर रुपयांची बचत लाखाला पडू शकते. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी मोबाइलवर चित्रण करा. जुने ओरखडे तुमच्या नावावर पडत नाहीत.

जंगलजेटी

रेवस ते रेडी सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते होईपर्यंत गाडीसकट खाडी ओलांडायला फेरीबोट, म्हणजे इथल्या बोलीत जंगलजेटी. या फेरीत जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ अशा दोन लागतात. वेळासहून पुढे रायगडात उतरणार असाल तर वेसवी-बागमांडला ही तिसरी. एका वेळेला दुचाकीस्वाराने १००, मोटारवाल्याने ३०० रुपये बाजूला ठेवावेत. बहुधा त्यातून काही परतच येतील. दरपत्रक तिकीट खिडकीपाशी लावलेलं असतं. पैसे देण्याआधी ते वाचा आणि तिकीट मागून घ्या.

हा खर्च वाचवू नका. धोपाव्याहून दाभोळला रस्त्याने जायचं तर गुहागर, चिपळूण, खेड, दापोली असा सव्वाशे किलोमीटरहून मोठा फेरा पडतो. मोटारीला नुसतं पेट्रोलच हजाराच्या घरात जातं आणि अर्धा दिवस खर्ची पडतो तो वेगळा. जयगडची बोट बंद असेल तर राई-भातगाव पुलावरून वळसा घेता येतो, तो तुलनेने परवडतो.

बोटीत चढताना दुचाकीवाल्याने घाई करू नये. ओहोटीला धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो, तो ओला आणि शेवाळलेला असतो. पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी होते. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय सोडून, हळू उतरा. मोटार कधीकधी उलटी घेऊन चढवायला सांगतात. जमत नसेल तर बोटीवरच्या पोराला मागे उभं राहून हात दाखवायला सांगा. दुपारी फेऱ्या विरळ होतात आणि रात्री बंद होतात. पावसाळ्यात खाडी खवळली की ऐनवेळी थांबवतात, म्हणून निघण्याआधी शेवटच्या बोटीची वेळ फोनवर विचारून घ्या.

खोली: भुर्दंडाचं मूळ

खोलीचं भाडं खोलीला असतं, माणसाला नसतं. दोघांना १,३०० रुपयांत मिळणारी बिगर-वातानुकूलित खोली एकट्यालाही १,३०० लाच पडते. वातानुकूलित खोलीला १,८०० ते २,५०० धरा. चार रात्रींचे ५,२०० रुपये हा दुचाकीच्या फेरीतला सगळ्यात मोठा आकडा आहे.

त्यावर उतारा म्हणजे माणशी दर लावणारी घरगुती सोय. कासव महोत्सवामुळे नाव झालेल्या वेळासमध्ये गावकऱ्यांच्या घरी राहणं-जेवण मिळून माणशी दर असतो. किनाऱ्यावरच्या इतर गावांतही काही घरं असा दर लावतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. फोनवर पहिला प्रश्न हाच करा: "काकू, एकटाच येतोय. जेवणासकट माणशी काय घेता?" उत्तर बहुतेक वेळा "एकटेच? बरं, जेवण शाकाहारी चालेल ना?" असं येतं आणि तिथून दर खाली यायला सुरुवात होते.

एकट्या माणसाला, विशेषतः रात्री आगाऊ न कळवता दारात उभा राहिलेल्याला, खोली द्यायला काही लॉज आणि भक्तनिवास का-कू करतात. आदल्या दिवशी फोन करा, कुठून आलो आणि उद्या कुठे जाणार ते सांगा, आधारची प्रत जवळ ठेवा. एकट्या बाईने गावातल्या, कुटुंब राहतं अशाच घरी उतरावं. किनाऱ्यावरच्या सुट्या कॉटेजपेक्षा ते स्वस्तही पडतं.

बिल देताना कर पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. जुना १२ टक्क्यांचा दर कुणी लावला तर दाखवून द्या. नोंदणी नसलेल्या छोट्या घरगुती सोयीला जीएसटी लावताच येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक नसेल तर कर देऊ नका.

जेवण

दिवसाला ७०० रुपये पुरतात. नाश्ता-चहाला १००, शाकाहारी थाळीला दीडशे-पावणेदोनशे, मासळीच्या थाळीला अडीचशे ते चारशे. बांगड्याची थाळी स्वस्त, सुरमई महाग. पापलेट 'आकाराप्रमाणे' असं लिहिलेलं असेल तर मासा बघून, दर ठरवूनच सांगा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या मासळीच्या नावाखाली बर्फातली मिळण्याची शक्यता जास्त.

केळशी, आंजर्ले, हेदवी, गुहागर इथल्या घरगुती खाणावळीत जेवण सांगून ठेवावं लागतं. दुपारचं सकाळी सांगा, रात्रीचं दुपारी. दीड वाजता न कळवता गेलात तर बिस्किटावर दिवस काढावा लागेल.

सडा

खाडी आणि खाडी यांच्या मधला जांभ्या दगडाचा उघडा माळ म्हणजे सडा. या फेरीतला खरा निर्मनुष्य भाग तोच. ना झाड, ना दुकान, ना मोबाइलची खात्रीची रेंज. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यातली कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण आणि उक्षी ही सात ठिकाणं रत्नागिरी जिल्ह्यातली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. त्याच्या पोटात इतर प्राणी कोरले आहेत, आणि माहीतगार सोबत नसेल तर त्याच्यावर उभं राहूनही तो दिसत नाही.

म्हणून गावातला वाटाड्या घ्या. दोन-तीनशे रुपये द्यावेत. पाच दिवसांत वाटाडे, पार्किंग, किरकोळ तिकिटं मिळून ५०० पुरतात. दोन लिटर पाणी आणि टोपी घ्या, आणि घोटा झाकणारे बूट घाला. सड्यावर फुरसं असतं आणि त्याचा रंग जांभ्यात मिसळून जातो. दगड उलटू नका, फटीत हात घालू नका. सर्पदंश झालाच तर गावठी उपायात वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत.

अडचणीचा पैसा

दोघं असले की एक गाडीपाशी थांबतो आणि दुसरा मेकॅनिकला आणतो. एकट्याला दोन्ही कामं पैशाने करावी लागतात. पंक्चरचे दीडशे रुपये किरकोळ, पण दुचाकी 'छोटा हत्ती'त घालून तालुक्याला न्यायची तर दीड-दोन हजार जातात, कारण भाडं टेम्पोच्या जाण्या-येण्याचं लागतं.

त्यामुळे तीन हजार रुपये रोख, शंभर-दोनशेच्या नोटांत, पाकिटापासून वेगळे ठेवा. रेंज नसली की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. ट्यूबलेस टायरचं पंक्चर किट चार-पाचशेला येतं आणि पहिल्याच वापरात वसूल होतं. विम्यासोबत रस्त्यावरच्या मदतीची जोड घ्या. मोफत टोइंग किती किलोमीटरपर्यंत आहे आणि दापोली-मंडणगडच्या बाजूला कोण येतं, हे विकत घेण्याआधी विचारा. विम्याशिवाय पकडलं गेलात तर पहिल्या वेळी दंड २,००० रुपये आहे. लायसन्स आणि गाडीची कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात, पण ती आधी उघडून ठेवा.

क्रमांक पाठ करा: रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, राष्ट्रीय महामार्ग १०३३, समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दल १५५४. एकट्याने पोहायला उतरू नका. गणपतीपुळ्याचा समुद्र बुडण्याच्या घटनांसाठी बदनाम आहे.

एकूण जमाखर्च

स्वतःची दुचाकी: पेट्रोल १,७००, जंगलजेटी २००, खोली ५,२००, जेवण ३,५००, किरकोळ ५००. एकूण ११,१०० रुपये.

भाड्याची दुचाकी: वरच्यात ३,००० वाढवा. एकूण १४,१०० रुपये आणि रेल्वेचं तिकीट.

स्वतःची मोटार: पेट्रोल ४,९००, जंगलजेटी ६००, खोली ५,२००, जेवण ३,५००, टोल-पार्किंगसह किरकोळ ९००. एकूण १५,१०० रुपये. दोघांत गेलात तर माणशी ९,३००.

राखीव तीन हजार यात धरलेले नाहीत. ते खर्च झाले नाहीत तर परत घरी.

मग काय करावं?

दुचाकी रोजच्या सवयीची असेल तर दुचाकीनेच जा. मोटारीचे चार हजार फक्त ऊन-पाऊस आणि सामान यांच्यासाठी मोजावे लागतात, आणि गावातल्या अरुंद बोळांत ती अडचणच करते. नवख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठावं. जून ते सप्टेंबर एकट्याने नको, कारण बोटी आणि घाट दोन्हींचा भरवसा नसतो. माणशी दराची दोन घरं मिळाली तरी हजार-दीड हजार वाचतात. टायर, ब्रेक आणि विमा यांत मात्र एक रुपयाही वाचवू नका. आणि सोमवारी निघून शुक्रवारी परता. तेराशेची खोली शनिवारी दोन हजारांची होते, त्यामुळे बाकीच्या काटकसरीपेक्षा तारखा नीट निवडण्यातच जास्त पैसे वाचतात.